प्रभा पेंटरचा शेवटचा बोर्ड

परवा आमच्या कॉलेजात एक छोटा कार्यक्रम झाला. निवृत्त होताना मी थोडी रक्कम कॉलेजात ठेवली होती. तिच्या व्याजातून दरवर्षी कोकणातल्या एका चित्रकलेच्या विद्यार्थ्याची फी आणि रंगसामान भागतं. 'कालकथित प्रभाकर जाधव स्मृती साहाय्य' असं त्याला नाव दिलं आहे. मला शाल घातली, हातात गुच्छ दिला, प्राचार्य माझ्या दातृत्वावर बरंच बोलले. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि लोकांना तो विनय वाटला. यंदाची मुलगी आमच्या पोलादपूरकडचीच. चहा पिताना ती कपबशी सांभाळत जवळ आली आणि म्हणाली, "सर, हे प्रभाकर जाधव चित्रकार होते ना? त्यांचं एखादं काम बघायला मिळेल का?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी तिला काहीतरी उत्तर दिलं आणि ती मान डोलावून निघून गेली. ते उत्तर मी शेवटी सांगणार आहे, कारण आधी सांगितलं तर बाकीचं लिहायचा धीर मला होणार नाही.

आमची वाडी पोलादपूरच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. तिथली शाळा सातवीपर्यंतच. सातवी झाल्यावर आये मला एस.टी.त घालून महाडला घेऊन आली. एका हातात नाचणीचं गाठोडं, दुसऱ्या हातात मी. जाधव गुरुजी आयेच्या माहेरचे, लांबच्या नात्यातले. ते महाडच्या आमच्या वस्तीत राहत आणि प्राथमिक शाळेत शिकवत. आये पडवीत शिरली आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "पोरगा ठेवून घ्या गुरुजी. खायाला लय लागतं त्याला, पन कामाला नाय म्हननार नाय." गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "वाचायला नाही म्हणतो का?" आये काही बोलायच्या आत काकींनी आतून हाक मारली, "आधी जेवू द्या त्यांना, मग घ्या परीक्षा." काकी म्हणजे गुरुजींच्या पत्नी. मी त्या घरात चार वर्षं राहिलो आणि परकं म्हणून कुणी कधी वागवलं नाही.

त्या घराला आवाज फार. पहाटे काकींच्या भाकरीची थपथप, बाहेर एस.टी. स्टँडवरच्या गाड्यांचे हॉर्न, पावसाळ्यात सावित्रीच्या पाण्याची घरघर, आणि सकाळी पडवीत गुरुजींचं वर्तमानपत्र. पडवीतच वस्तीचं वाचनालय होतं. दोन कपाटं, एक लांब बाकडं आणि एक वर्तमानपत्र, एवढाच पसारा. ज्यांना वाचता येत नसे ते येऊन बाकड्यावर बसत आणि गुरुजी पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत मोठ्यानं वाचत. काकींना अक्षरओळख नव्हती. त्या चुलीपाशी बसून ऐकायच्या आणि गुरुजी पान उलटायला थांबले की आतून विचारायच्या, "मंग? फुडं काय झालं?" जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं, नाहीतर कैरी घातलेली सुकट. आणि या सगळ्याला टर्पेंटाइनचा वास. काकींच्या भाकरीलासुद्धा तो वास येतो असं मी आयेला सांगितलं तेव्हा तिनं पाठीत धपाटा घातला होता.

तो वास प्रभाकरचा. गुरुजींचा हा मुलगा तेव्हा बावीस-तेवीसचा असेल. गुरुजींची इच्छा होती त्यानं मास्तर व्हावं. तो झाला बोर्ड पेंटर. दुकान नव्हतं, सायकल होती. कॅरिअरला रंगाचा लाकडी डबा बांधून तो महाडभर फिरायचा. पिठाची गिरणी, सायकलचं दुकान, ट्रकच्या मागची अक्षरं, लग्नाचे कापडी फलक, सगळं तो लिहायचा. निवडणुकीत सकाळी एका पक्षाची भिंत आणि दुपारी समोरच्या पक्षाची भिंत रंगवायचा आणि दोघांकडचा चहा प्यायचा. "मत कोनाला देनार?" म्हणून काकींनी विचारलं तर म्हणाला, "ज्याच्या भिंतीला चुना बरा हाय त्याला." मला तो दोरीचं दुसरं टोक धरायला न्यायचा. भिंतीवर खडूची दोरी ताणून टिचकी मारली की सरळ रेघ उमटायची. पण प्रभाकर त्या रेघेचं कधी ऐकायचा नाही. त्याची शिरोरेघ उजवीकडे जाता जाता जराशी वर चढायची आणि 'व' नि 'च'ची पोटं सुटलेली असायची. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'प्रभा' लिहून तो ब्रश पुसायचा. काकींना अक्षर येत नव्हतं, पण एस.टी.च्या खिडकीतून त्या बोट दाखवायच्या, "ह्यो माझ्या प्रभाचा. ह्यो नाय. ह्यो प्रभाचा." एकदाही चुकत नसत. गुरुजींनी त्यांना पाटी घेऊन शिकवायचा खूप प्रयत्न केला होता. त्या म्हणायच्या, "तुमची अक्षरं मला कळत नायत, प्रभाची कळतात." ब्रश कसा धरायचा, रंग किती घ्यायचा, श्वास कधी रोखायचा, हे मी त्याच्याकडे शिकलो. माझा हात त्याच्याच वळणाचा झाला.

मी मॅट्रिकला होतो तेव्हा पाऊस संपता संपता त्याला कावीळ झाली. आधी झाडपाल्याचं औषध झालं, मग दवाखाना झाला, आणि तोवर उशीर झाला होता. आजारी पडण्याच्या आधीच्या आठवड्यात त्यानं आमच्या पडवीसाठी एक पत्र्याचा बोर्ड लिहिला होता. निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं, अक्षरांना लाल सावली, 'मैत्री वाचनालय'. गुरुजी कित्येक वर्षं त्याच्या मागे लागले होते आणि तो गिऱ्हाईकांची कामं पुढे करून घरचं काम टाळत होता. तोच त्याचा शेवटचा बोर्ड ठरला.

आम्हा बौद्धांत माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो आणि त्यात नातेवाईक गेलेल्याच्या स्मृतिप्रीत्यर्थ दान जाहीर करतात. कुणी विहाराला सतरंजी देतं, कुणी पंखा, बहुतेक लोक भांडी देतात. आमच्या विहारातल्या प्रत्येक पातेल्यावर कुणाचं ना कुणाचं नाव कोरलेलं होतं. प्रभाकरच्या वेळीही लोक धरून चालले होते की गुरुजी मोठा हंडा देतील. गुरुजी उभे राहिले आणि म्हणाले, "कालकथित प्रभाकरच्या स्मृतिप्रीत्यर्थ एका विद्यार्थ्याला मुंबईच्या कला महाविद्यालयात शिकवायचा खर्च मी करीन. शिक्षण पूर्ण होईपर्यंत." सभेत कुजबुज झाली. मागून एक म्हातारे म्हणाले, "चित्रं शिकून बोर्डच रंगवनार ना, गुरुजी? त्यापरास तलाठी करा एखाद्याला. हंडा दिलात तर वस्तीच्या कामाला तरी येल." बायकांत बसलेल्या काकी, ज्या बारा दिवस कुणाशी बोलल्या नव्हत्या, तिथूनच म्हणाल्या, "हंडा चेपतो, बाबा." मग गुरुजींनी माझं नाव घेतलं. प्रभाकरचा रंगाचा डबा माझ्या मांडीवर आणून ठेवला. एकच अट घातली. आपल्याकडच्या पावसात दरवर्षी बोर्डाचा रंग उडतो, तर दिवाळीच्या सुट्टीत मी यायचं आणि वाचनालयाच्या बोर्डावर प्रभाकरच्या रेघेवरूनच नवा रंग फिरवायचा. त्याचं अक्षर जाऊ द्यायचं नाही. मी हो म्हटलं. त्या वयात हो म्हणायला काही लागत नाही.

मुंबईत कामाला असलेल्या माझ्या बाबांबरोबर गाववाल्यांच्या खोलीत राहायचो आणि दर महिन्याला गुरुजींची मनीऑर्डर यायची. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुराची चिंचोळी पट्टी असे, तिच्यावर गुरुजी मास्तरांच्या ठाशीव अक्षरात एखादी ओळ लिहीत. 'काकी विचारते, जेवतोस ना.' 'पाऊस फार झाला, बोर्ड तुझी वाट बघतो आहे.' पहिल्या दिवाळीला मी गेलो. बोर्ड खाली उतरवला, ओल्या फडक्यानं पुसला आणि त्याच्या अक्षरांवरून पांढरा रंग फिरवला. काकी रंगाची डबी धरून शेजारी बसल्या होत्या. "जपून रे," त्या सारख्या म्हणत होत्या, "त्याची रेघ सोडू नको." मी सोडली नाही. बोर्ड परत टांगला तेव्हा त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि मला दुसरी भाकरी वाढली.

पुढच्या वर्षी कॉलेजात अक्षरलेखनाचा वर्ग सुरू झाला. सर नामांकित होते. त्यांनी पहिल्या दिवशी सगळ्यांकडून एक ओळ लिहून घेतली आणि माझा कागद वर्गापुढे धरला. मला वाटलं, आता कौतुक होणार. सर म्हणाले, "हे अक्षर पानपट्टीवर शोभेल. कुठून उचललंस?" वर्ग हसला. एक नाव घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? मी म्हटलं, "असंच, सर." त्या दिवसापासून मी हट्टाला पेटलो. फूटपट्टी, कंपास, चौकटीचे कागद घेऊन महिनोन्‌महिने बसलो आणि हातातून ते वळण काढून टाकलं. वर्षअखेर सरांनी माझंच काम भिंतीवर लावलं. देवधर नावाच्या पुण्याच्या एका मुलाशी तेव्हा माझी मैत्री झाली. मनमोकळा, सुखवस्तू घरातला, मनानं चांगला. त्यानं एकदा मनीऑर्डर पाहून विचारलं, "कोण पाठवतं रे?" मी म्हटलं, "महाडचा एक ट्रस्ट आहे." "मोठा असेल?" "हो, तसा मोठाच." पन्नास वर्षं होत आली, पण हे वाक्य आठवलं की अजून माझे कान तापतात.

देवधरला शिवथरची घळ बघायची होती. दिवाळीच्या सुट्टीत तुझ्याबरोबर महाडला येतो, ट्रस्टच्या लोकांकडे उतरू, म्हणाला. त्याला नाही कसं म्हणणार? मी एक दिवस आधी पुढे गेलो. घराला कुलूप होतं. गुरुजी आणि काकी वरंधला, सासरी असलेल्या मुलीकडे गेले होते, संध्याकाळच्या गाडीनं परतणार होते, किल्ली शेजारी होती. मी पडवीत उभा राहिलो आणि बोर्डाकडे पाहिलं. वर चढणारी शिरोरेघ, सुटलेली पोटं, लाल सावली, कोपऱ्यातली सही. उद्या हे देवधर बघणार. हेच ते पानपट्टीचं अक्षर आणि याच दारातून तू आलास, हे त्याला बघताक्षणी कळणार. खरं सांगायचं तर मला त्या बोर्डाची लाज वाटली. ज्या माणसाच्या नावावर मी जेवत होतो, शिकत होतो, त्याच्या हाताची मला लाज वाटली.

मी नुसता वरून रंग मारला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण कॉलेजात शिकवलं होतं की जुन्या थरावर नवं काम बसत नाही, पृष्ठभाग साफ करून घ्यावा. मी प्रभाकरचाच डबा उघडला, त्यातलीच खरवडायची पत्ती घेतली आणि बोर्ड मांडीवर घेऊन बसलो. सकाळी नऊला सुरुवात केली. निळे, पांढरे, लाल पापुद्रे अंगणात उडत होते. पत्तीनं निघालं नाही ते पॉलिश पेपरनं घासलं. सहीसुद्धा घासली. दुपारपर्यंत पत्रा कोरा झाला. त्यावर अस्तर दिलं, उन्हात वाळवलं, आणि संध्याकाळपर्यंत फूटपट्टीनं आखून, सरांनी शाबासकी द्यावी अशी 'मैत्री वाचनालय' ही अक्षरं लिहिली. मला वाईट वाटत होतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी शीळ घालत काम केलं.

अंधार पडायच्या आत ते दोघं आले. गुरुजी बोर्डासमोर थांबले, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "हात चांगला बसला आहे तुझा." एवढंच बोलून ते आत गेले. काकी तिथंच उभ्या राहिल्या. पिशवी खाली ठेवली नाही. बोर्डाच्या जवळ गेल्या, लांब झाल्या, पुन्हा जवळ आल्या.

"प्रभाचं कुठं हाय रे?"

मी ब्रश पुसायला लागलो.

"तुजं वरनं लिवलंस, व्हय? त्याचं खाली हाय?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांना फक्त हो ऐकायचं होतं, आणि मला ते सांगायला फार सोपं गेलं. "हो काकी. खाली हाय."

"मंग बरं," त्या म्हणाल्या. "खाली हाय तर ऱ्हाऊ दे. शिकतोस तवर तुजं वर असू दे." आणि त्यांनी ओल्या रंगाला लागणार नाही असा कडेला, पत्र्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे खराट्याचा आवाज आला म्हणून मी जागा झालो. काकी अजून झोपल्या होत्या. गुरुजी अंगण झाडत होते. त्यांच्या हातात खराटा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. त्यांनी निळे-लाल पापुद्रे एकूण एक गोळा केले आणि परसात नेऊन मातीत पुरले. मी डोळे मिटून पडून राहिलो. त्यांना माहीत होतं मी जागा आहे. दुपारी देवधर आला. पडवीत पाऊल टाकताच म्हणाला, "वा, बोर्ड झकास आहे! कोणी केला?" मी म्हटलं, "मी." काकींनी त्याला आग्रह करकरून बिरडं वाढलं आणि मोठ्या अभिमानानं सांगितलं, "खाली माझ्या प्रभाचं हाय. ह्यानं वरनं लिवलंय." देवधरला काही कळलं नाही. तो हसून "हो का," म्हणाला. गुरुजी जेवणावरून मान वर न करता भात कालवत राहिले.

मनीऑर्डर थांबली असती तर बरं झालं असतं. ती पुढची तीन वर्षं महिन्याच्या महिन्याला येत राहिली, एकदाही चुकली नाही. फक्त पट्टीवर आता 'कुशल. अभ्यास कर.' एवढंच असायचं. बोर्डाचं नाव त्यात पुन्हा कधी आलं नाही. मी दर दिवाळीला जायचो आणि माझ्याच अक्षरांवर रंग फिरवायचो. काकी डबी धरून बसायच्या आणि काम झालं की पत्र्यावर बोटानं टकटक करायच्या, आत कुणी आहे का बघावं तशी.

मी कॉलेजात शिकवायला लागलो. गुरुजी वारले. त्यांनी शेवटपर्यंत तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. मी त्यांच्या पाया पडायचो आणि ते "असू दे, असू दे," म्हणायचे, त्यात काय काय आलं असेल ते आलं. तोवर महाड बदलत होतं. पुण्या-मुंबईकडची माणसं येत होती, दुकानांवर नव्या तऱ्हेचे बोर्ड लागले, भिंतींवर नव्या निवडणुका रंगल्या. गुरुजी गेल्यानंतरच्या दिवाळीत मी गेलो तर काकी म्हणाल्या, "गिरनीवरचा पन गेला रे प्रभाचा. कालच काडला. आता आपल्यावालाच ऱ्हायला." मग त्या उठल्या, भिंतीला धरून धरून पडवीत आल्या आणि म्हणाल्या, "तुजं शिकून झालं. साहेब झालास. आता वरचं काड. मला त्याचं बगू दे एकदा, डोळं हायत तवर."

त्या क्षणी सांगता आलं असतं. मी चाळिशीकडे झुकलेला माणूस होतो, शंभर मुलांपुढे उभा राहून बोलायचो. मी बाकडं ओढून त्यावर चढलो. मी बोर्ड उतरवला. तोच डबा, तीच पत्ती. काकी समोर पाटावर बसल्या आणि मी माझी अक्षरं खरवडायला लागलो. माझा एक थर निघाला, दुसरा निघाला, मग अस्तर निघालं. खाली काय आहे ते मला ठाऊक होतं आणि तरी मी हळूहळू, जपून खरवडत होतो, खाली काहीतरी असल्याचं सोंग करत. काकी वाकून वाकून बघत होत्या. शेवटी करडा पत्रा वर आला. मी पत्ती खाली ठेवली. काकींनी पत्र्यावर हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग खाली कोपऱ्यात, सही असायची तिथं. बराच वेळ बोट तिथंच ठेवलं.

"पान्यानं गेलं असंल," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं झाली. पाऊस काय थोडा पडतो आपल्यात."

मी म्हटलं, "हो काकी. पाण्यानं गेलं."

मी नवीन लिहून देतो म्हटलं. त्या नको म्हणाल्या, कोराच टांग म्हणाल्या. पुढे त्या गेल्या तोपर्यंत वाचनालयावर तो कोरा पत्रा होता आणि नवी पोरं त्याला हसायची. मी त्यानंतर मुंबईला परत येऊन प्रभाकरच्या अक्षरात लिहून बघितलं, खूप दिवस बघितलं. माझ्या हातानं शिरोरेघ सरळच येते. तिला वर चढवली की ती नक्कल दिसते. तो पत्रा आता माझ्याकडे आहे, माझ्या खोलीत कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला.

आणि परवा ती मुलगी कपबशी हातात घेऊन उभी होती. "त्यांचं एखादं काम बघायला मिळेल का, सर?" मी शाल सावरली आणि म्हणालो, "नाही गं. काही राहिलं नाही. कोकणातला पाऊस तुला माहीतच आहे, सगळं पाण्यानं गेलं." तिनं हळहळून मान डोलावली.

पाण्यानं काही गेलेलं नाही. दिवाळीच्या दिवसांत पाऊस नव्हता, ऊन पडलं होतं. मी सकाळी नऊपासून दुपारपर्यंत बसून ते माझ्या हातानं खरवडलं. हे लिखाण छापून आलं की पहिली प्रत मी त्या मुलीला देणार आहे, आणि ती वाचून झाल्यावर तिला घरी बोलावून तो पत्रा कपाटामागून काढून दाखवणार आहे.